‘विमानात तपासले’

नाशिकजवळ जुनी विमानं पूर्ण उघडून, दुरुस्त करून पुन्हा जोडण्याचा एक कारखाना होता. मी तिथल्या मॅन्युअल विभागात होतो. परदेशी कंपन्यांकडून विमानांबरोबर जाडजूड पुस्तकं येत, आणि त्यांवरून आमच्या कामगारांना वापरता येतील अशी चित्रांची, पायरी-पायरीची पानं तयार करणं हे आमचं काम. चित्रं बहुतेक मीच काढत असे. माझा हात बरा होता.

मूळ पुस्तकं लिहिणाऱ्यांनी स्वतः कधी विमानाखाली पडून काम केलं असेल असं वाटत नसे. एक नळी बदलायची तर तीन वेगळी प्रकरणं उघडावी लागत. काम सगळं सांगून झाल्यावर शेवटी सूचना यायची, की सुरुवात करण्याआधी दाब काढून टाकावा. चित्रात सगळे सुटे भाग हवेत तरंगत असत आणि बाण इतके की ते एकमेकांना छेदून जात. कोणता बाण कुठून निघाला हे शोधण्यातच माणूस दमायचा.

आमची पानं याहून चांगली होती, असं मी आजही म्हणेन. एका चित्रात एकच काम. धोक्याची सूचना कामाच्या आधी. पहिल्या वर्षी मी पानांना चकचकीत प्लास्टिकची पाकिटं घातली आणि हँगरमध्ये जाऊन पाहिलं, तर हातदिव्याच्या उजेडात ती आरशासारखी चमकत होती. चित्र दिसतच नव्हतं. मी पाकिटं काढून टाकली. कामगारांचे हात ग्रीसने भरलेले असल्यामुळे ते पान कोपराने उलटतात आणि कधी कधी दोन पानं एकदम उलटली जातात, हेही मी तिथे उभं राहूनच पाहिलं. मग खालच्या कोपऱ्यात पानाचा आकडा बोटभर उंचीचा छापायला लागलो. असल्या गोष्टींचा मला फार अभिमान होता.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लक्षात यायला वेळ लागला. पान वाचणारा आणि काम करणारा ही एकच व्यक्ती आहे असं धरून आम्ही पानं बनवत होतो. हँगरमध्ये तसं नव्हतंच. विमानाच्या पोटात जिथे हात घालायचा तिथे पुस्तक मावत नाही. म्हणून कामगार जोडीने काम करत. एकजण बाहेर स्टुलावर पुस्तक घेऊन बसायचा, दुसरा आत शिरायचा. पानांवरचा मजकूर इंग्रजीच असे; बाहेरचा तो वाचून मराठीत सांगणार, आतला करणार. आतल्याला चित्र दिसायचंच नाही. त्याला दिसायचं ते बाहेरच्याच्या तोंडून.

यात एक अडचण होती. चित्र भागाच्या पुढून काढलेलं असे आणि आतला माणूस बऱ्याचदा त्याच्या मागून हात घालत असे. समोरासमोर बसलेल्या दोघांचं डावं-उजवं जसं उलट होतं, तसं. चांगला वाचणारा हे मनातल्या मनात फिरवायचा. चित्रात डावीकडे असेल ते आतल्याला ‘तुझ्या उजवीकडे’ म्हणून सांगायचा. हे फिरवणं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. जोडीजोडीत ते जमून जायचं.

मला हा प्रकार धोकादायक वाटला. मी वरिष्ठांकडून एक नियम मंजूर करून घेतला. यापुढे चित्र काम करणाऱ्याच्या जागेवरून काढायचं. मग ते पान प्रत्यक्ष विमानात नेऊन, ते काम पूर्वी कधीच न केलेल्या माणसाकडून करून बघायचं. जमलं, तर पानाच्या कोपऱ्यात गोल शिक्का मारायचा, ‘विमानात तपासले’. शिक्का मराठीत असावा हा हट्टही माझाच. शिक्का असलेलं पान वाचणाऱ्याने अजिबात फिरवायचं नाही, जसं आहे तसं सांगायचं, असं ठरलं. लोकांना ते आवडलं. शिक्क्यावर त्यांचा विश्वास बसला.

त्या काळात हँगरमध्ये एक जोडी प्रसिद्ध होती. आत शिरणारा निफाडकडचा, घरी द्राक्षाची बाग असलेला, आडव्या बांध्याचा आणि तरीही कुठल्याही भोकात शिरू शकणारा. वाचणारा मालेगावचा, यंत्रमागवाल्यांच्या घरातला. त्याचा आवाज स्वच्छ होता. कंप्रेसर चालू असतानाही त्याचा शब्द आत पोहोचायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत.

“मास्तर, वाच की लवकर. हात भरून आला माझा.”

“वाचतोय. बागायतदार माणूस तू, जरा कष्टाची सवय लाव.”

“तुझं बरंय. स्टुलावर बसून बातम्या द्यायच्या.”

“बातम्या बंद केल्या तर आत अंधारात रडशील. आता नट सोड. सगळा नाही, अर्धाच.”

लोक त्यांना नवरा-बायको म्हणून चिडवायचे. त्यावर निफाडवाला म्हणायचा, बायकोचं तरी कधी कधी नाही ऐकलं तर चालतं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत आमच्याकडे एक नवीन प्रकारचं विमान आलं. त्याच्या चाकाच्या कप्प्यात वर एक झडप होती. तिला बोटाएवढा दांडा बसवायचा. चाक आधी आत जाणार की कप्प्याचं दार आधी मिटणार, हे त्या दांड्यावर ठरायचं. झडपेतून बाहेर आलेल्या दातेरी दांडीवर तो कसाही बसायचा, या बाजूला किंवा त्या बाजूला. चुकीचा बसला तरी बसल्यासारखाच वाटायचा.

त्या पानाचं चित्र मी काढलं. तेव्हा झडप दुरुस्तीसाठी काढून आणलेली होती आणि टेबलावर पडलेली होती. मी समोर खुर्ची घेऊन बसलो आणि दिसली तशी काढली. दांडा डावीकडे. विमानात काम करणारा तिच्या मागून हात घालणार, हे मला ठाऊक होतं. विमान मोकळं झालं की आत जाऊन पान तपासायचं आणि चित्र दुरुस्त करायचं, असं मी ठरवलं होतं. पण विमानावर दुसरीच माणसं काम करत होती आणि पानांचा गठ्ठा छपाईला जायचा होता. मी टेबलावरच स्वतः दांडा काढून, पान बघून पुन्हा बसवला. अर्थातच बसला. मी शिक्का मारला. विमानात जायचं नंतर राहून गेलं.

ते काम या जोडीकडे आलं. शिक्क्याचं पान म्हणून मास्तरने ते फिरवलं नाही. डावीकडे वाचलं, डावीकडे सांगितलं. आतल्याने आपल्या डावीकडे बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान जॅकवर उचलून चाक आत घेण्याची चाचणी झाली, तेव्हा दार आधी मिटलं आणि वर येणारं चाक त्याच्यावर आदळलं. दाराचा पत्रा दुमडला. कुणाला लागलं नाही.

आवाज ऐकून मी खाली आलो. कप्प्यात डोकं घातलं आणि काय झालं ते मला लगेच कळलं.

त्या प्रकारच्या विमानाचं ते एकच पुस्तक हँगरमध्ये होतं; मी ते उचलून विभागात नेलं. इथपर्यंत माझा हेतू सरळ होता. त्या प्रकारचं दुसरं विमान रांगेत होतं आणि कुणीतरी पुन्हा तेच पान उघडलं असतं. दुपारपर्यंत मी नवीन चित्र काढलं, मागच्या बाजूने, दांडा उजवीकडे. या वेळी विमानात जाऊन, आमच्या विभागातल्या टायपिस्टला आत घालून तपासलंसुद्धा. तो बरोबर बसवून बाहेर आला. मी शिक्का मारला, नवीन पान पुस्तकात लावलं आणि जुनं नेहमीच्या पद्धतीप्रमाणे फाडून टाकलं. बदललेल्या चित्राच्या कडेला एक काळी रेघ ओढायची पद्धत होती, म्हणजे वाचणाऱ्याला बदल कळतो. ती रेघ मी ओढली नाही. चौकशीत आपणहून सांगायचंच आहे, असं मी मनाशी म्हटलं.

चौकशी मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. त्यांनी निफाडवाल्याला विचारलं, “दांडा कुठे बसवलास?”

“डावीकडं, साहेब. मास्तरनी डावीकडं सांगितला.”

“आणि तू?”

“पानावर डावीकडे आहे, साहेब,” मास्तर म्हणाला. “शिक्क्याचं पान आहे. मी फिरवलं नाही.”

साहेबांनी पुस्तक उघडलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. मास्तरने पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग पान उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलट केलं.

साहेबांनी मला विचारलं, “हे पान विमानात तपासलेलं आहे?”

“हो,” मी म्हणालो.

ते खरं होतं. त्या खोलीत मी एकही खोटा शब्द बोललो नाही. ही गोष्ट नंतर बरीच वर्षं मी स्वतःला सांगत असे. निष्कर्ष सोपा होता. वाचणाऱ्याने जुन्या सवयीने पान फिरवलं. केलेल्या कामावर सहीऐवजी मारायचा निफाडवाल्याचा स्वतःचा शिक्का काही काळ काढून घेतला आणि मग परत दिला. मास्तरला पुस्तकावरून काढलं आणि अवजारांच्या खोलीत पाठवलं.

दोन-चार दिवसांनी तो माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला.

“साहेब, एक विचारू का? त्या दिवशी पुस्तकात हेच पान होतं का?”

माझ्या टेबलावर दुसरंच कुठलं तरी चित्र होतं. पेन्सिल हातात होती.

“हेच,” मी म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला. “मग डोळे तपासून घेतो.”

त्याने खरंच तपासून घेतले. नाशिकला जाऊन, पैसे भरून. डॉक्टरने डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. हे मला कँटीनमध्ये कळलं, कारण तोवर तो कँटीनचा विनोद झाला होता. ताट घेऊन तो आला की कुणीतरी म्हणायचं, “मास्तर, भाजी डावीकडं हाय बरं का. का उजवीकडं?” आधी तो हसायचा. मग जेवायला उशिरा, सगळे उठल्यावर यायला लागला.

सगळ्यात कडवट निफाडवाला झाला होता. एकदा भर कँटीनमध्ये मास्तरच्या तोंडावर म्हणाला, “आरं, नाय समजलं तर नाय म्हनायचं. इंग्रजी येत नाय तर मास्तरकी कशाला करायची? माझा हात गेला असता ना त्या दारात.”

पानावर डावीकडे होतं हे मास्तर त्यानंतर कुणालाच सांगत नव्हता. मला वाटतं, त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास राहिला नव्हता. काही वर्षांनी कारखान्याने मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्यांना मोबदला देऊ केला, तेव्हा सोडणाऱ्यांत तो पहिला होता.

मी का बोललो नाही, याची कारणं माझ्याकडे होती. एक शिक्का खोटा ठरला तर बाकीच्या सगळ्या शिक्क्यांवरचा विश्वास जाईल, लोक पुन्हा पानं फिरवायला लागतील आणि त्यातून खरा अपघात होईल, असं मी म्हणत असे. यात तथ्यही होतं. पण एका माणसाला वाचता येत नाही असं सगळ्यांना वाटू देणं ही त्याची किंमत होती, आणि ती मी दुसऱ्याच्या नावावर भरली.

मी निवृत्त झाल्यावर, दोन हजारनंतरच्या काही वर्षांत, निफाडवाल्याच्या मुलीचं लग्न निघालं. हँगरमधले जवळजवळ सगळे जुने लोक आले होते. मांडवात मी मास्तरला शोधत होतो. शेवटी विचारलं.

“त्याला नाय बोलावलं,” निफाडवाला म्हणाला. “काय बोलावायचं साहेब? एवढी वर्षं बोलणं नाय आमचं.”

लग्नानंतर दोन आठवड्यांनी मी पुन्हा त्याच्या घरी गेलो. तो बागेत होता. छाटणी चालू होती. तिथेच वेलींच्या ओळीत उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. टेबल, चित्र, दुपारी बदललेलं पान.

त्याने कात्री खिशात घातली.

“म्हंजे मास्तरनी बरोबर सांगितलं होतं.”

“हो.”

“आन मी बरोबर लावला होता.”

“हो.”

“आन तुम्ही त्या खोलीत माझ्या शेजारी बसून होता.”

मी मान हलवली.

“मी लय बोललो हो त्याला,” तो म्हणाला. “तुम्हाला काय, तुम्ही चित्र पुसलं. माझं बोलणं कसं पुसायचं?” मग एकदम म्हणाला, “गाडी आणलीय ना? चला. आत्ता. मला सांगितलं तसंच्या तसं त्याला सांगायचं. मी मधे एक शब्द बोलणार नाय.”

चिखलाचे पाय धुऊन, कपडे न बदलता तो तसाच गाडीत बसला. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांमध्ये बराच वेळ अडकलो. तो खिडकीबाहेर बघत होता. चांदवडवरून हमरस्त्याला लागलो. मालेगावात मास्तरचं घर विचारत विचारत गेलो. घर म्हणजे खाली मागांची शेड आणि वर राहायची खोली. माग चालू होते. दारात उभं राहिलं तर स्वतःचाही आवाज ऐकू येत नव्हता.

मास्तर सुताचे बॉबिन मोजून देत होता. केस पूर्ण पांढरे झाले होते. आम्हा दोघांना एकत्र बघून त्याने हातातलं काम ठेवलं. बसायला बाकडं ओढलं. कुणाला तरी चहा सांगितला.

मी सुरुवात केली.

“काय?” त्याने कानाला हात लावला. “मोठ्यानं बोला साहेब!”

मी मोठ्याने म्हणालो, ते पान मी बदललं होतं.

“कुठलं पान?”

“झडपेचं! दांड्याचं! तुम्ही वाचलं तेव्हा डावीकडेच होतं!”

ते मला ओरडून सांगावं लागलं. मागांवर काम करणारे दोघं-तिघं वळून बघायला लागले. निफाडवाला शब्द दिल्याप्रमाणे गप्प होता. मास्तरने उठून भिंतीवरचा खटका बंद केला आणि एकामागून एक माग थांबले. मग तो समोर येऊन बसला.

“आता सांगा. हळू सांगा.”

मी परत पहिल्यापासून सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “मी तुमच्या दारात येऊन विचारलं होतं.”

“हो.”

“तुम्ही ‘हेच’ म्हणालात.”

“हो.”

चहा आला. त्याने आधी मला दिला, मग निफाडवाल्याला. निफाडवाल्याने कप हातात घेतला आणि शब्द मोडला.

“मास्तर, माझं चुकलं.”

“तुझं काय चुकलं? तुला आतून दिसत नव्हतं,” मास्तर म्हणाला. मग म्हणाला, “कँटीनमध्ये बोललास ते चुकलं. ते चुकलंच.”

“हो.”

“पोरीचं लग्न झालं म्हणे.”

“झालं.”

“मला कळलं होतं. तारीख माहीत होती.”

दोघांनी चहा संपवला. ती जोडी त्या दिवशी पुन्हा जुळली असं मी लिहू शकत नाही. निघताना निफाडवाल्याने त्याला बागेत येण्याचं बोलावणं केलं आणि तो बघू म्हणाला. पुढे गेला की नाही, ते मी विचारलेलं नाही.

मला सोडायला मात्र मास्तर गाडीपर्यंत आला. मी त्याला विचारलं, की मी आता काय करावं.

“इथं काही करू नका,” तो म्हणाला. “या गल्लीत मला वाचता येतं हे सगळ्यांना माहीत आहे. औषधाच्या चिठ्ठ्या, बँकेचे कागद, सगळे माझ्याकडे घेऊन येतात. ते तिथं सांगा. हँगरमधली माणसं अजून आहेत. लिहून काढा. तुम्ही लिहिलेलं ते लोक खरं धरतात.”

मी हो म्हणालो. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लिहायला बसलो की मी पहिल्यांदा पानांच्या छपाईची घाई लिहायचो, मग विमान मोकळं नव्हतं ते लिहायचो, आणि मूळ गोष्टीपर्यंत पोहोचेपर्यंत ती माझ्या बाजूची झालेली असायची. म्हणून फाडून टाकायचो. याही वेळी ती कारणं आली आहेतच. त्यामुळे हँगरमधल्या ज्या लोकांनी त्याला ताटातली डावी-उजवी विचारली होती, त्यांच्यासाठी कारणांशिवाय पुन्हा लिहितो.

चाकाच्या कप्प्यातल्या झडपेच्या पानावर दांडा डावीकडे होता. ते चित्र मी काढलं होतं आणि विमानात न तपासता त्यावर शिक्का मारला होता. दार दुमडलं त्या दुपारी मी ते पान बदललं. चौकशीत मास्तरपुढे ठेवलं ते बदललेलं पान. मास्तरने जे होतं ते वाचलं.